नमुना क्रमांक ११४३

फेब्रुवारी १९९५मधल्या एका सोमवारी पालघरच्या एका धर्मादाय दवाखान्यातल्या कॉम्प्युटरने सुरू होताच तारीख विचारली. एरवी तो तारीख विचारत नसे. डॉक्टर मालिनी चुरी यांनी तारीख टाकली, तेव्हा काळ्या पडद्यावर एक इंग्रजी ओळ आली. हार्ड डिस्क सापडत नाही, असा तिचा अर्थ होता. त्यांनी यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. पुन्हा तारीख विचारली गेली आणि पुन्हा तीच ओळ आली.

यंत्र बसवून देणारी मुंबईची कंपनी दोन वर्षांपूर्वी बंद पडली होती. दुसऱ्या एका कंपनीचा इंजिनिअर गुरुवारी आला. अर्धा तास बसला, चहा घेतला आणि म्हणाला, "डिस्क गेली. नवी टाकून देतो. जुन्यातलं काही मिळणार नाही."

जुन्यात होतं ते असं. पालघर आणि बोईसरच्या पूर्वेकडच्या पाड्यांवर दवाखान्याने दोन वर्षं रक्ततपासणी केली होती. सिकलसेल नावाचा रक्ताचा आजार कोणाला आहे, कोणाला नाही, ते शोधायला. एक हजार नऊशे बारा माणसं. प्रत्येकाच्या रक्ताला एक क्रमांक दिला होता. मुंबईच्या प्रयोगशाळेला फक्त क्रमांक जायचा, नाव जायचं नाही. आजाराचं नाव बाहेर फुटलं तर पोरींची लग्नं मोडतात, हे डॉक्टरांनी पाहिलं होतं; म्हणून हा नियम त्यांनीच केला होता. मुंबईहून आलेले निकाल कागदावर होते: क्रमांक आणि पुढे शेरा. पण कुठला क्रमांक कोणाचा, हे फक्त त्या डिस्कवर होतं. नावांच्या मूळ वह्या कॉम्प्युटरमध्ये उतरवून झाल्यावर डॉक्टरांनी दवाखान्यामागे जाळून टाकल्या होत्या. जादा प्रत म्हणून पाच फ्लॉप्या कपाटात होत्या, त्यांवर दोन पावसाळ्यांत बुरशी चढली होती.

पुन्हा पाड्यावर जाऊन विचारावं तर पाड्यावर पुरती माणसं नव्हती. दिवाळीनंतर निम्मी घरं वीटभट्ट्यांवर आणि रेती उपसायच्या बंदरांवर गेली होती. ती जूनमध्ये परतणार.

इंजिनिअर गेल्यावर डॉक्टरांनी बुधी दुमाडाला बोलावलं. बुधी दवाखान्याची आरोग्यसेविका. पंचेचाळिशीची, सातवीपर्यंत शिकलेली, स्वतः वारली समाजातली. एक हजार नऊशे बारापैकी जवळजवळ सगळ्यांच्या बोटाला तिनेच सुई टोचली होती.

"बुधी, तुला किती आठवेल?" डॉक्टरांनी विचारलं.

"घरं आठवतील," बुधी म्हणाली. "कुठनं सुरवात केली नि कुठं संपवली, ते हाय डोक्यात. क्रमांक तर वळीनंच दिलेलं."

तिने दोनशे पानी वही मागून घेतली आणि मागच्या खोलीत जमिनीवर बसून लिहायला लागली.

*

चंद्रभान वाकचौरे शनिवारी आला. त्याचं बोईसरला नवापूर रस्त्यावर कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. मूळचा अकोले तालुक्यातला. अठ्ठ्याहत्तर साली तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत रंगाच्या एका कारखान्यात लागला, तिथे चौदा वर्षं दाबाचे आणि तापमानाचे मीटर दुरुस्त केले. कारखाना बंद झाल्यावर ठाण्याला राहून कॉम्प्युटरचा कोर्स केला. वय चाळीस. कमी बोलायचा. बोईसरची एक रुग्ण बाई डॉक्टरांना म्हणाली होती, की हा माणूस वस्तू मेली असं पटकन म्हणत नाही. म्हणून त्याला बोलावलं होतं.

"डिस्क इथून हलणार नाही," डॉक्टरांनी आधीच सांगितलं. "काय करायचं ते इथेच करा. त्यातली नावं बाहेर जाता कामा नयेत."

"बरं," चंद्रभान म्हणाला.

त्याने यंत्राचं झाकण काढलं. मुख्य पट्टीवर एक निळी, बोटाच्या पेराएवढी बॅटरी होती. तिच्या दोन्ही टोकांना हिरवट पांढरा फुलोरा आला होता आणि तो आजूबाजूच्या तांब्याच्या रेघांवर उतरला होता.

"ही फुटली आहे," तो म्हणाला. "यंत्र बंद असताना डिस्क किती मापाची आहे हे लक्षात ठेवायचं काम हिच्यावर असतं. ही गेली, यंत्र विसरलं. तारीखही विसरलं, म्हणून विचारतंय."

"म्हणजे डिस्क चांगली आहे?"

"ते आज नाही सांगता येणार. फिरते आहे. आवाज बरा आहे."

त्याने बॅटरी कापून काढली. स्वयंपाकघरातून लिंबू मागून घेतलं, कापसाच्या बोळ्याने रस लावून फुलोरा पुसला, मग स्पिरिटने धुतलं. तीन पेन्सिल सेल एका डब्यात बसवून त्यांच्या तारा बॅटरीच्या जागी जोडल्या. यंत्राला आता पुन्हा लक्षात ठेवता येणार होतं. पण लक्षात ठेवायचं काय, ते कोणालाच माहीत नव्हतं. डिस्कला तीन आकडे लागतात. आत किती वर्तुळं, वाचणारी किती टोकं, एका वर्तुळावर किती खण. हे आकडे डिस्कच्या पाठीवर छापलेले असतात. बंद पडलेल्या कंपनीने नेमका त्यावरच आपला हमीचा कागद चिकटवला होता. चंद्रभानने तो वाफेवर धरून सोडवायचा प्रयत्न केला. खालचा कागद त्याच्याबरोबरच निघून आला.

सोमवारी तो स्वतःचं यंत्र टेंपोत घालून घेऊन आला. ते नव्या जातीचं होतं. डिस्क जोडली की तिलाच विचारून आकडे घेणारं. मागच्या खोलीत टेबल मांडलं. खाली बुधी तिची वही लिहीत होतीच.

यंत्राने डिस्कला विचारलं आणि आकडे दाखवले: एक हजार सत्तेचाळीस, दोन, चाळीस.

"बोलली," चंद्रभान म्हणाला.

बुधीने वर पाहिलं. "काय बोलली?"

"माप सांगितलं आपलं."

त्याने फ्लॉपीवरून यंत्र सुरू केलं आणि सी ड्राइव्ह मागितली. पडद्यावर आलं: अशी ड्राइव्ह नाही. त्याने पुन्हा मागितली. अशी ड्राइव्ह नाही.

हे पहिल्यापेक्षा वाईट होतं. यंत्राला डिस्क दिसत होती, तिचं माप कळत होतं, आणि तरी वर चालणाऱ्या प्रणालीच्या लेखी ती नव्हतीच. चंद्रभानने केबल बदलली. डिस्कमागच्या पिना काढून घालून पाहिल्या. दुसऱ्या फ्लॉपीवरून सुरू करून पाहिलं. मंगळवारचा अख्खा दिवस त्यात गेला.

संध्याकाळी डॉक्टर येऊन उभ्या राहिल्या. "तो गुरुवारचा इंजिनिअर खरं सांगत होता का?"

"मला नाही वाटत."

"दुरुस्तीचं सॉफ्टवेअर असतं ना? ते चालवून पाहिलंत?"

"नाही. ते डिस्कवर लिहितं. माप चुकलेलं असताना लिहिलं तर उरलंय तेही जाईल." त्याने हातातली केबल खाली ठेवली. "मॅडम, कारखान्यात आमचा मीटर शून्य दाखवायचा तेव्हा सगळे म्हणायचे टाकी रिकामी झाली. मी आधी मीटर खोलायचो. दहातल्या आठ वेळा टाकी भरलेलीच असायची. मला अजून एक दिवस द्या."

डॉक्टरांनी बुधीकडे पाहिलं. तिच्या वहीची पंचेचाळीस पानं भरली होती.

*

त्याच दिवशी दुपारी जेवताना चंद्रभानने तिला विचारलं होतं, हे तुम्ही लिहिता कसं. बुधीने चपातीचा घास हातात तसाच धरून सांगितलं:

"मी चालतेय म्हणायचं. वांगडपाड्याला ओढ्याकडनं वर चढलं की पयलं घर भिकाचं. भिका, मंग त्याची बायको लाडकी, मंग तीन पोरं, म्हातारी शेवटाला, ती भ्यायची सुईला. मंग बांध उतरायचा. असं."

"आणि आठवलं नाही तर?"

"तर मी पुढं प्रश्नचिन्न काढते. खोटं कशाला लिवायचं."

त्याने वहीत डोकावून पाहिलं. ठसठशीत अक्षर, डावीकडे क्रमांक, उजवीकडे नाव, बापाचं नाव, आणि कुठे कुठे नावापुढे पेन्सिलीचं प्रश्नचिन्ह. मग त्याला नियम आठवला आणि त्याने नजर काढून घेतली.

बुधवारी सकाळी त्याने वेगळ्या बाजूने सुरुवात केली. डिस्कचा अगदी पहिला खण कुठल्याही मापाने वाचता येतो, कारण पहिला तो पहिलाच. पुढे जागा कशी वाटून दिली आहे, हे त्यात लिहिलेलं असतं. त्याने तो खण कच्चा, आकड्यांच्याच रूपात पडद्यावर आणला. पाचशे बारा आकडे. शेवटून थोडे आधीचे सोळा त्याला हवे होते. ते त्याने कागदावर उतरवून घेतले आणि पेन्सिलीने उकलायला बसला.

जागा कुठे संपते, ते उकललं तेव्हा उत्तर आलं: वर्तुळ नऊशे पंचाहत्तर, टोक चार, खण सतरा. टोकं शून्यापासून मोजतात, म्हणजे टोकं पाच. पाच आणि सतरा. डिस्क स्वतः तर दोन आणि चाळीस सांगत होती.

त्याने दोन्ही आकड्यांच्या जोड्या शेजारी शेजारी लिहिल्या आणि पाहत बसला. मग उठून दवाखान्याचं जुनं यंत्र सुरू केलं आणि त्याच्या आतली मापांची यादी उघडली. जुन्या यंत्रांना डिस्कला विचारता येत नसे. कारखान्यातून आलेल्या सत्तेचाळीस मापांतलं एक निवडून द्यावं लागे. आपल्या डिस्कचं नेमकं माप त्यात नसेल तर बसवणारा माणूस जवळपासचं, थोडं लहान माप निवडून मोकळा व्हायचा. चंद्रभानने यादी एकेक करून खाली सरकवली. सतरा नंबरला होतं: नऊशे सत्त्याहत्तर, पाच, सतरा.

डिस्क खोटं बोलत नव्हती. तिला पहिल्या दिवशी ज्या मापाने लिहायला लावलं होतं, त्याच मापाने ती वाचायला हवी होती.

त्याने सतरा नंबर निवडला, फ्लॉपी घातली, यंत्र सुरू केलं, आणि सी मागितली.

फायलींची नावं खालून वर सरकायला लागली. पडदा भरला, पुन्हा भरला. चंद्रभानने दोन्ही हात कळफलकावरून उचलून मांडीवर ठेवले. आता चुकून एखादी कळ दाबली जाऊ नये, एवढंच त्याच्या मनात आलं. सगळं नव्या फ्लॉप्यांवर दोन वेळा उतरवून घेतल्यावरच तो बाहेर गेला आणि डॉक्टरांना म्हणाला, "मिळालं."

डॉक्टरांच्या समोर एक रुग्ण बसला होता. त्यांनी त्याची नाडी सोडली नाही, पण डोळे मिटले. "किती?"

"सगळं. एक हजार नऊशे बारा."

*

बुधीचं लिहिणं तेव्हा अकराशे साठवर आलं होतं. आता त्याची गरज नव्हती. पण डॉक्टरांना वाटलं, निदान पाहावं तरी हिला किती आठवलं ते. दुपारी दवाखाना रिकामा झाल्यावर त्या यंत्रापुढे बसल्या, बुधी शेजारी वही घेऊन. चंद्रभान कोपऱ्यात तारा गुंडाळत होता. त्या एकेक नाव वाचायच्या, बुधी वहीत बोट सरकवायची.

अकराशे साठपैकी चौऱ्याण्णव ठिकाणी फरक निघाला. डॉक्टर हसल्या. "बुधी, हे फार आहे गं. मी तर पन्नाससुद्धा सांगू शकले नसते."

बुधी हसली नाही. तिने वही पुढे केली. "डॉक्टरबाय, ह्ये बघा. जिथं चुकलंय तिथं समद्या ठिकाणी माझं प्रश्नचिन्न हाय. मला ठाव नव्हतं तिथंच चुकलंय."

"हो, खरंच."

"एक सोडून."

डॉक्टरांनी वही ओढून घेतली. वांगडपाडा. अकराशे त्रेचाळीस आणि अकराशे चव्वेचाळीस. बुधीच्या वहीत पहिला क्रमांक होता जिवली नवशा वांगड, दुसरा जिवली झिपरू वांगड. प्रश्नचिन्ह दोन्हीपुढे नव्हतं. कॉम्प्युटरमध्ये ही दोन नावं उलटी होती.

"नाव एक, आडनाव एक," डॉक्टर म्हणाल्या. "तुझी गफलत झाली असेल."

"नाय. दोघी मैतरणी. झिपरूची पोर घाबरली म्हणून नवशाची म्हणाली, आदी माझं घे. नवशाच्या घरात झिपरूची बसलेली, म्हणून लागून क्रमांक पडलं. मी नवशाचीला टोचलं, मंग हिचा हात धरला. मला ती दोघींची बोटं दिसतात अजून."

 चंद्रभानच्या हातातली तार अर्धी गुंडाळलेली राहिली.

डॉक्टरांनी निकालांचे कागद काढले. अकराशे त्रेचाळीसपुढे होतं: आजार आहे. अकराशे चव्वेचाळीसपुढे: दोष नाही.

कॉम्प्युटरप्रमाणे आजार झिपरूच्या जिवलीला होता. तसं तिच्या घरी सांगून एक वर्ष झालं होतं. दर महिन्याला तिला गोळ्या जात होत्या. ओझं उचलायचं नाही, भट्टीवर जायचं नाही, असं बजावलं होतं. काटेलापाड्याच्या एका घरात तिचं लग्न ठरत होतं, ते लोक गोळ्यांची गोष्ट कळल्यावर मागे सरले होते. आणि नवशाच्या जिवलीला, तू ठणठणीत आहेस, असं सांगितलं होतं. ती गेल्या पावसाळ्यात दोनदा हातपाय दुखतात म्हणून दवाखान्यात आली होती. डॉक्टरांनी पडद्यावर तिचा क्रमांक पाहून कागदावरचा शेरा वाचला होता आणि संधिवाताचं औषध दिलं होतं.

"हे टाईप कोणी केलं होतं?" चंद्रभानने विचारलं. विचारल्यावर त्याला वाटलं, विचारायला नको होतं.

"मी," डॉक्टर म्हणाल्या.

 चंद्रभानला सकाळचा आनंद आठवला आणि जरा ओशाळल्यासारखं झालं. तीन दिवस खपून त्याने जे परत आणलं होतं त्यात ही चूकही होती, एक अक्षर न बदलता.

"नवशा कुठे आहे आता?" डॉक्टरांनी विचारलं.

"वसईकडं भट्टीवर. कामणच्या बाजूला."

दवाखान्याची जीप गॅरेजमध्ये होती. चंद्रभान म्हणाला, "माझी एम-एटी गाडी आहे. बुधीबाई बसत असतील तर उद्या सकाळी जाऊ."

*

भट्टी शोधायला त्यांना अकरा वाजले. आधी दोन चुकीच्या भट्ट्यांवर गेले. तिसरीवर नवशा चिखल तुडवत होता. बुधीला पाहून तो बाहेर आला, पायांना गुडघ्यापर्यंत लाल माती.

"जिवली कुठं?" बुधीने विचारलं.

"खोपटात पडलीय. चार दिस झालं. हाडं दुखतात म्हणते." त्याने चंद्रभानकडे पाहिलं. हा कोण, असं त्याच्या चेहऱ्यावर होतं. "इथला डॉक्टर सुई देऊन गेला. काय फरक नाय."

खोपटाच्या आत जिवली गोणपाटावर कुशीवर पडली होती. सतरा वर्षांची. डोळ्यांत पिवळटपणा होता. बुधी तिच्याजवळ बसली, कपाळाला हात लावला, पाणी पाजलं. मग पिशवीतून सुई आणि बाटल्या काढल्या. थेंबभर रक्त औषधाच्या नळीत टाकायचं, पाच मिनिटं थांबायचं, आणि नळी छापील कागदापुढे धरायची. पाणी नितळ राहिलं तर मागच्या ओळी दिसतात. दोषामुळे गढूळ झालं तर दिसत नाहीत.

बुधीने नळी उजेडात धरली. मागे कागद धरायला चंद्रभानला सांगितलं. त्याने खिशातली दुकानाची पावती काढून मागे धरली. एकही अक्षर दिसत नव्हतं.

"नवशा," बुधी म्हणाली, "हिला घेऊन चल पालघरला. आत्ताच."

"काय झालं?"

"ती वळख आमच्याकडनं चुकली. आजार हिलाच हाय."

नवशाला हे लगेच कळलं नाही. "आजारी तर झिपरूची ना?"

"नाय. ही."

नवशा वळला. आत जाऊन पोरीला उचलून घेतलं. वीट वाहणाऱ्या एका टेंपोवाल्याने त्यांना विरारपर्यंत सोडलं, तिथून ते आगगाडीने गेले. बुधी त्यांच्याबरोबर गेली. चंद्रभान एकटाच परत आला. वाटेत दोनदा तो थांबला. एकदा पाणी प्यायला, आणि एकदा काहीच कारण नव्हतं.

संध्याकाळी दवाखान्यात पोहोचला तेव्हा जिवलीला सलाईन लागलं होतं. डॉक्टर तिच्या उशाशी उभ्या होत्या. "पुरेशा पाण्याची, उबेची आणि वेळेवर गोळीची गोष्ट होती," त्या चंद्रभानला म्हणाल्या, जणू त्याने काही विचारलं होतं. "वर्षभर."

*

झिपरूकडे डॉक्टर स्वतः गेल्या. जीप दुरुस्त होऊन आली होती. बुधी आणि चंद्रभानही बरोबर होते. 

झिपरू भट्टीवर होता. घरी त्याची बायको मंगळी आणि जिवली होत्या. मंगळीने अंगणात गोधडी पसरली. डॉक्टर उभ्याच राहिल्या.

"मंगळी, मला जिवलीचं रक्त पुन्हा तपासायचंय," त्या म्हणाल्या. "मागच्या वेळी माझ्याकडून नावांची अदलाबदल झाली असं मला वाटतंय."

"म्हंजी?"

"म्हणजे हिला कदाचित काहीच नाही."

जिवली दारात उभी होती. ती पुढे आली आणि तिने बुधीपुढे बोट धरलं. या वेळी ती घाबरली नाही. बुधीने थेंब नळीत टाकला. पाच मिनिटं सगळे थांबले. कोंबडी गोधडीवर आली, मंगळीने तिला हाकललं. मग बुधीने नळी उचलली आणि डॉक्टरांनी मागे औषधाच्या खोक्याचा कागद धरला.

"तूच बघ," बुधी जिवलीला म्हणाली.

जिवली नळी हातात घेऊन वाकली. कागदावरच्या काळ्या ओळी नळीतून स्वच्छ दिसत होत्या. तिला इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण ओळी दिसतात हे तिला दिसलं.

"नाय का मला?"

"नाही," डॉक्टर म्हणाल्या. "कधीच नव्हतं. चूक माझी आहे. मी माझ्या हाताने चुकीचं लिहिलं."

मंगळी एकदम उठून उभी राहिली. "तुमी लिवलं नि आमचं ठरलेलं मोडलं," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "आता त्यांना काय सांगू? त्यांच्या पोराचं लगीन झालं माघात."

 "तुम्ही म्हणाल त्या घरी मी स्वतः येऊन सांगेन," डॉक्टर म्हणाल्या. "जिथे जिथे हे पोचलंय तिथे."

"त्यानं काय व्हतंय."

बुधी मंगळीशी त्यांच्या बोलीत हळू काहीतरी बोलली. मंगळीने मान फिरवली.

जिवलीने इतका वेळ नळी हातात धरली होती. तिने विचारलं, "मंग ती जिवली?"

"तिला आहे," डॉक्टर म्हणाल्या. "दवाखान्यात आहे ती. आता बरी आहे."

जिवली आत गेली. डबे हलल्याचा आवाज आला. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात गोळ्यांची कागदी पुडी होती, या महिन्याची, निम्मी संपलेली. तिने ती डॉक्टरांपुढे धरली.

"या तिच्या हायत," ती म्हणाली.

डॉक्टरांनी पुडी घेतली. परतताना जीपमध्ये ती त्यांच्या मांडीवर होती.

*

पुढच्या आठवड्यात चंद्रभानने दवाखान्याला एक छापील यादी काढून दिली. क्रमांक, नाव, बापाचं नाव, पाडा आणि घराची खूण. घराची खूण बुधीने सांगितली आणि त्याने टाईप केली; नावं आता त्यानेही पाहिली होती, पण तो विषय कोणी काढला नाही. जूनमध्ये माणसं परतल्यावर डॉक्टर आणि बुधी ती यादी घेऊन घरोघर फिरल्या. एक हजार नऊशे बारा नावांत आणखी दोन ठिकाणी चूक सापडली. दोन्ही ठिकाणी कोणाला आजार नव्हता. डॉक्टरांनी त्या दोन्ही घरीही जाऊन सांगितलं.

काटेलापाड्याला त्या गेल्या की नाही, हे चंद्रभानला कळलं नाही. त्या उन्हाळ्यात बोईसरच्या कारखान्यांतून त्याच्याकडे बरीच कामं आली. त्यातली निम्मी, डिस्क दिसत नाही, अशीच होती.

झिपरूची जिवली पुढच्या वर्षी आईबापाबरोबर भट्टीवर गेली. तिचं लग्न त्यानंतर दोन वर्षांनी सफाळ्याकडे झालं. नवशाची जिवली पाड्यावरच राहते. महिन्यातून एकदा ती दवाखान्यात येते. बरं असेल तर बसथांब्यापासून चालत, नसेल तर बापाच्या पाठीवर.